मिरजेतून ऑनलाइन गाण्याचे वर्ग : मार्चमध्ये घड्याळ कोणाचं धरायचं?

तंबोरा_मिरज

नमस्कार मंडळी. आमच्या आत्या मिरजेत गाणं शिकवतात. पूर्वी शिकणारे दारात चपला काढून यायचे, आता निम्म्याहून जास्त झूमवर येतात. न्यू जर्सीत तीन शाळकरी मुली, लंडनला एक डॉक्टर जोडपं, मेलबर्नला मूळचा साताऱ्याचा एक मुलगा, दुबईत एक, सिंगापुरात एक आणि कॅलिफोर्नियात नुकतेच निवृत्त झालेले एक काका. आत्या शिकवणार, वेळापत्रक मी सांभाळणार, अशी वाटणी.

सध्या न्यू जर्सीच्या मुली सोमवारी आणि बुधवारी आपल्या सकाळी ६ वाजता बसतात. तिकडे तेव्हा रविवार आणि मंगळवारची संध्याकाळ, ७:३०. लंडन आणि मेलबर्न एकत्र, शनिवारी आपल्या दुपारी २:३० ला. लंडनला सकाळचे ९, मेलबर्नला रात्रीचे ८. दुबई-सिंगापूरचं काही दुखणं नाही, तिथे घड्याळं कधी हलत नाहीत.

अडचण पुढच्या महिन्याची आहे. ८ मार्च २०२६ ला अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे जाणार, २९ मार्चला लंडनची पुढे, आणि ५ एप्रिलला मेलबर्नची मागे. म्हणजे चार आठवडे कोणीच जागेवर नाही. त्यात १९ मार्चला पाडवा. त्यानिमित्त सगळ्यांची मिळून एक बैठक घ्यावी असं आत्यांच्या मनात आहे.

आत्यांचं म्हणणं एवढंच : "मी सहाला बसते म्हणजे सहालाच बसते. फिरायचं ते पृथ्वीने फिरावं."

तुमच्यापैकी परदेशाशी रोजचं काम असलेले लोक हे कसं निभावता?

जरा_थांबा

गुगलवर टाका ना. "सिक्स एएम आयएसटी टू ईएसटी". दोन सेकंदांत उत्तर. यासाठी धागा?

कुपवाडचा_ओतारी

थांबा भाऊ, तेवढंच टाकलं की गोची होते. आमची फाउंड्री आहे, कास्टिंग अमेरिकेला जातं, म्हणून सांगतो.

ईएसटी म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळी वेळ. आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. ८ मार्चपासून १ नोव्हेंबरपर्यंत तिथे ईएसटी चालूच नसते, ईडीटी असते, साडेनऊ तास मागे. पण तिकडचा खरेदीवाला बाराही महिने सवयीने ईएसटीच लिहितो. मे महिन्यात त्याने "उद्या सकाळी ९, ईएसटी" लिहिलं आणि तुम्ही ती अक्षरं जशीच्या तशी गुगलमध्ये टाकली, तर उत्तर येतं आपले संध्याकाळचे ७:३०. तो मात्र ६:३० लाच येऊन बसलेला असतो. गुगल चुकत नाही, त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

आमच्याकडे नियम एकच. तीन अक्षरं लिहायची नाहीत, गावाचं नाव लिहायचं. "न्यूयॉर्कचे सकाळचे ९, मंगळवार १२ मे." गुगललाही तसंच विचारायचं, "न्यूयॉर्कमध्ये ९ तेव्हा सांगलीत किती". तारीख टाकली की उन्हाळा-हिवाळा ते आपोआप बघतं.

आणि ही अक्षरं तरी एकाची कुठे आहेत? सीएसटी म्हणजे शिकागो, चीन पण तेच, क्यूबा पण तेच. आपली आयएसटी आयर्लंडवालेही त्यांच्या उन्हाळी वेळेला लावतात आणि इस्रायलवाले त्यांच्या प्रमाणवेळेला.

आमचा एक ग्राहक फिनिक्सचा आहे. अॅरिझोना राज्याचा बहुतेक भाग घड्याळ हलवतच नाही, त्यामुळे तो बारा महिने आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. त्याच्या शेजारच्या कॅलिफोर्नियाशी तो उन्हाळ्यात जुळतो, हिवाळ्यात एक तासाने पुढे असतो. देश बघून हिशोब करू नका, गाव बघून करा.

बेदाणा

तासगावहून. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ही घड्याळाची हलवाहलवी नेमकी आमच्या ऐन धांदलीत येते.

युरोपचं एक बरं आहे. मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, संपूर्ण युरोपियन युनियन आणि ब्रिटन एकाच क्षणी घड्याळ हलवतं. ग्रीनिचचा रात्रीचा १, म्हणजे आपले रविवारी सकाळचे ६:३०. रॉटरडॅमचा माणूस सकाळी ९ ला कामावर येतो तेव्हा आपल्याकडे आज १:३० वाजलेले असतात. ३० मार्चच्या सोमवारी तो १२:३० लाच हजर. आमची जेवणाची सुट्टी त्या दिवसापासून अलीकडे सरकते, मजुरांनाही पाठ झालंय.

अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रत्येक विभाग आपापल्या पहाटे २ ला घड्याळ हलवतो. न्यूयॉर्क आधी, कॅलिफोर्निया तीन तासांनी. मधले तीन तास त्या दोघांत चार तासांचा फरक असतो. रविवारची पहाट असते म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

कंटेनरच्या कागदांवर आणखी एक बघावं लागतं. न्हावाशेवा बंदरात माल आत घ्यायची मुदत भारतीय वेळेत, आणि रॉटरडॅमला जहाज लागायची वेळ रॉटरडॅमच्या वेळेत. जहाज असो नाहीतर विमान, प्रत्येक वेळ त्या त्या गावाची लिहिलेली असते. दोन्हींची सरळ वजाबाकी करून प्रवासाचे तास काढणारा नवीन पोरगा दरवर्षी एक तरी भेटतो.

जरा_थांबा

बरं बरं, गुगलला गाव विचारायचं. मान्य. चालू द्या.

पलूसचा_पुण्यात

आयटीत आहे, अमेरिकेच्या टीमबरोबर रोजची मीटिंग असते. ओतारीभाऊंनी अक्षरांचं सांगितलं ते शंभर टक्के. पण तंबोरा यांची अडचण वेगळी आहे. एका वेळेचं रूपांतर कोणीही करेल. *दर आठवड्याला परत परत येणाऱ्या* वर्गाचं काय करायचं, हा खरा प्रश्न. तिथे वेळ बदलण्याच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते : वर्ग कोणाच्या घड्याळाला बांधलाय?

मिरजेच्या घड्याळाला बांधला तर आत्यांचे सहा कायम सहा राहतात आणि मार्च-नोव्हेंबरला मुलींची वेळ सरकते. न्यू जर्सीच्या घड्याळाला बांधला तर मुलींची संध्याकाळ जागेवर राहते आणि आत्यांना मार्च ते ऑक्टोबर पहाटे ५ ला बसावं लागतं. तिसरा मार्ग नाही. कोणीतरी एकाने हलायचंच.

कॅलेंडरमध्ये कार्यक्रम टाकताना याच ठिकाणी गंमत होते. गुगल कॅलेंडरमध्ये वेळेच्या शेजारी टाइम झोन निवडायची सोय आहे. तुम्ही काही न निवडता मिरजेत बसून कार्यक्रम तयार केला, तर तो भारतीय वेळेला बांधला जातो. ९ मार्चला मुलींच्या फोनवर तो आपसूक ८:३० चा दिसेल. मुलींपैकी एखादीच्या आईने तयार केला तर तो न्यूयॉर्कला बांधलेला, आणि तुमच्या फोनवर तो ५ चा होईल. त्यामुळे आमंत्रण कोणी बनवायचं हे आधी ठरवा, नंतर कोणी कोणावर डाफरायला नको.

फोनमध्ये ही यादी शहरांच्या नावाने का असते, असं काही जणांना वाटतं. संगणकांच्या जगात एक सामायिक नोंदवही आहे. जगातल्या कोणत्या भागाने कधी, किती वेळ बदलली, त्याच्या नोंदी तिच्यात असतात. आपली नोंद "एशिया/कोलकाता". मुंबई नाही, दिल्ली नाही, त्यावर उगाच चिडू नये. एखाद्या देशाने कायदा बदलला की नोंदवही बदलते आणि अपडेटमधून फोनवर येते. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातला घड्याळ हलवायचा प्रकार बंद केला, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा चालू केला. म्हणून जुना, कधीच अपडेट न केलेला फोन वेळेच्या बाबतीत विश्वासाचा नाही.

एक्सेलवाल्यांसाठी : नुसती वेळ घेऊन त्यातून साडेनऊ तास वजा केले तर सकाळच्या वेळांना उत्तर ऋण येतं आणि खान्यात सगळे कुंपणाचे खांब (####) दिसतात. तारीख आणि वेळ एकाच खान्यात ठेवा, मग आदल्या दिवशीची तारीखही बरोबर येते.

गणपतीपेठ

मी तुमच्यासारखी शिकलेली नाही, पण वेळेचाच प्रश्न आहे म्हणून इथे विचारते. माझी लेक शिकागोला आहे. संकष्टी धरते. इथल्या पंचांगात चंद्रोदय रात्री ९:२० असेल तर मी तिला साडेअकरा तास वजा करून सांगते. ती म्हणते, आई, तेव्हा इथे सकाळचे ९:५० असतात, चंद्र कुठला? बरोबर काय धरायचं?

तंबोरा_मिरज

ताई, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. मास्तर कुठे आहेत? त्यांच्या हद्दीतला विषय आहे.

भूगोल_मास्तर

आलो. विश्रामबागेत वीज नव्हती.

ताई, तुमची लेक बरोबर आहे. चंद्रोदय ही *जागेची* गोष्ट आहे, घड्याळाची नाही. शिकागोला चंद्र शिकागोच्या क्षितिजावर उगवेल तेव्हाच तिचा उपास सुटणार. सांगलीच्या चंद्रोदयाला साडेअकरा तास वजा करून तिला काय मिळतं? "सांगलीत चंद्र उगवला तेव्हा शिकागोत किती वाजले होते", एवढीच माहिती. तिला हवा शिकागोचा चंद्रोदय. तो तिथल्या अक्षांश-रेखांशावरूनच काढावा लागतो. पृथ्वी फिरून शिकागो चंद्रासमोर येईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, शिकागो आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, आणि मार्चनंतर तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं. तीन कारणांनी आकडा बदलतो.

तिथीचं मात्र उलट. चतुर्थी कधी सुरू झाली, कधी संपली, हा सूर्य-चंद्रातल्या अंतराचा क्षण आहे. तो साऱ्या जगासाठी एकच. पंचांगातली *ती* वेळ मात्र वजाबाकी करून शिकागोची करता येते. आधी तिथीची वेळ तिकडच्या घड्याळात आणायची, मग तिथल्या चंद्रोदयाला चतुर्थी आहे का बघायचं. कधी कधी यामुळे तिची संकष्टी तिकडच्या तारखेप्रमाणे तुमच्या आदल्या दिवशी येईल. त्यात काही चूक नाही. त्या शहराचं पंचांग निवडता येणारी संकेतस्थळं आहेत, तिला त्यावर शिकागो निवडायला सांगा. तुमचा त्रास वाचेल.

आता मूळ विषय. आपल्या घड्याळात आणि आपल्या सूर्यात किती अंतर आहे हे मुलांना शिकवताना मी नेहमी दाखवायचो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर, मिर्झापूरजवळची. सांगली साडेचौऱ्याहत्तरच्या थोडी पुढे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटं मागे आहे. भर दुपार १२ ला नाही, साधारण साडेबाराच्या पुढेमागे होते. साताऱ्याला आणखी दोन मिनिटं उशिरा.

ही प्रमाणवेळ १९०६ पासूनची. त्याआधी मुंबईची वेगळी, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. मुंबईने तर आपली जुनी वेळ नंतरही बरीच वर्षं सोडली नाही. मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत वापरात राहिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपल्याकडेही घड्याळं एक तास पुढे केली होती. नेपाळ आजही आपल्यापेक्षा पाव तास पुढे.

मौज म्हणून आणखी एक. सातारा जवळपास ७४ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क जवळपास ७४ अंश पश्चिमेला. दोघांत १४८ अंश. सूर्याच्या हिशोबाने फरक ९ तास ५२ मिनिटं. घड्याळं हिवाळ्यात साडेदहा म्हणतात, उन्हाळ्यात साडेनऊ. खरं उत्तर दोन्हींच्या मधे, आणि ते कोणालाच नको असतं.

लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरायचं, १२ खाली आणि ६ वर. दिसते ती लंडनची वेळ. आपले २ वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेआठ दिसतात. फरक साडेपाच तासांचा असल्यामुळे हे जमतं. २८ मार्चपर्यंतच हो. २९ पासून फरक साडेचारचा, मग घड्याळ सरळ धरा.

गणपतीपेठ

मास्तर, समजलं. तिला आजच फोन करून सांगते. म्हणजे आज नको, आत्ता तिकडे झोपले असतील.

विट्याचा_भट्टीवाला

आमचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. परदेशात कोणाशी बोलायचं नसतं, पण घड्याळ आम्हालाही हलवावं लागतं. लंडनला सोन्याचा भाव दिवसातून दोनदा ठरतो, तिथल्या सकाळी १०:३० ला आणि दुपारी ३ ला. आत्ता आपल्याकडे ते दुपारी ४ आणि रात्री ८:३०. २९ मार्चनंतर दुपारी ३ आणि संध्याकाळी ७:३०.

आणि एमसीएक्सवर, म्हणजे वायदेबाजारात, सोन्याचांदीचे सौदे हिवाळ्यात रात्री ११:५५ पर्यंत चालतात, अमेरिकेचं घड्याळ पुढे गेलं की ११:३० ला बंद. भारतात घड्याळ हलत नाही असं म्हणतात, पण विट्यात बसून आमची झोप मार्चमध्ये पंचवीस मिनिटं वाढते ती अमेरिकेमुळेच. लई भारी वाटतं पहिल्या आठवड्यात.

एडिसनची_आई

न्यू जर्सीतून लिहिते, माहेर वाईचं. माझी मुलगी आत्यांकडे शिकत नाही पण दुसरीकडे नाच शिकते, त्यामुळे हा त्रास घरचा आहे.

पलूसकरांनी सांगितलेले दोन्ही मार्ग शाळकरी मुलांना अवघड आहेत. रविवारी रात्री ८:३० ला वर्ग सुरू केला तर संपेपर्यंत ९:३०, सोमवारी सकाळी बस. आणि त्या वयाच्या बाईंना पहाटे ५ ला बसवायचं हेही बरं दिसत नाही.

तास बदलण्याऐवजी *वार* बदलून बघा. आमच्या शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ८:३० ला घ्या. दुसऱ्या दिवशी शाळा नाही, पोरी जागतातच. आत्यांसाठी ते शनिवार आणि रविवार, सकाळी ६. त्यांचे सहा सहाच राहतील. नोव्हेंबरात घड्याळ मागे आलं की पुन्हा सोमवार-बुधवार.

फक्त संदेशात वार दोन्हीकडचे लिहा. "शनिवारचा वर्ग" एवढंच लिहिलंत तर इथले निम्मे लोक शनिवारी रात्री येऊन बसतील. आणि "रात्री १२" असं कधीच लिहू नका. शुक्रवारी रात्री १२ म्हणजे आपल्या लेखी शुक्रवारच, तारखेच्या लेखी मात्र शनिवार लागलेला. माझे सासरे विमानतळावर बरोबर एक दिवस उशिरा यायला निघाले होते यापायी. रेल्वेसारखं २३:५५ नाहीतर ००:०५ लिहावं.

तंबोरा_मिरज

ताई, वार बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्यांना विचारलं. "सहा आहेत ना? मग वार कुठलाही चालेल."

सातारा_ते_मेलबर्न

तंबोरा यांचा तो साताऱ्याचा मुलगा मी नव्हे, पण गाव तेच आणि शहरही तेच.

इकडे ऋतू उलटे असल्यामुळे घड्याळही उलटं चालतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. आत्ता आपल्यात साडेपाच तास, ५ एप्रिलपासून साडेचार. मेलबर्न, सिडनी, होबार्ट, अॅडलेड हलवतात. ब्रिस्बेन आणि पर्थ हलवत नाहीत. अॅडलेडला तर अर्ध्या तासाचं शेपूट आपल्यासारखंच. "ऑस्ट्रेलियाची वेळ किती" असा प्रश्न विचारणाऱ्याला मी आता नुसतं हसतो.

लंडन-मेलबर्नच्या एकत्र वर्गाबद्दल तुम्ही घाबरला आहात तेवढं काही नाही. लंडन आणि मेलबर्नचे लोक एकमेकांशी हिशोब करत बसले तर वेड लागेल. आत्ता त्यांच्यात ११ तास, २९ मार्चनंतर १०, ५ एप्रिलनंतर ९. पण वर्ग मिरजेच्या अडीचला बांधला की प्रत्येकाला फक्त मिरजेशी हिशोब करायचाय. २८ मार्चपर्यंत लंडन ९, मेलबर्न रात्री ८. ४ एप्रिलला लंडन १०, मेलबर्न अजून ८ च, कारण आमचं घड्याळ त्या रात्री मागे जाणार, तुमच्या साडेनऊला. ११ एप्रिलपासून लंडन १०, मेलबर्न ७. संपलं. मधे बसलेला हलत नसेल तर कडेच्या दोघांचं भागतं, आणि भारत हलत नाही हा आपला मोठा फायदा आहे.

जरा_थांबा

मग ती बैठक कधी ठेवताय? मीच म्हणालो होतो धागा कशाला, आता मलाच उत्सुकता लागलीय.

पलूसचा_पुण्यात

पाडवा गुरुवारी आहे, तिकडे कामाचा दिवस. शनिवार २१ मार्च धरा. रविवार नको, कारण मेलबर्नवाल्याला रात्री जागून सोमवारी कामावर जावं लागेल.

आपले दुपारचे ४:३० घेतले तर न्यू जर्सी सकाळी ७, लंडन ११, दुबई ३, सिंगापूर संध्याकाळी ७, मेलबर्न रात्री १०. अर्धा तास मागेपुढे केलं तरी कोणीतरी कुरकुरणारच. अडला तो एकच, कॅलिफोर्निया. पहाटेचे ४. काका निवृत्त आहेत म्हणता, त्यांना विचारून बघा, नाहीतर रेकॉर्डिंग पाठवा.

त्या दिवशीचा अडीचचा वर्ग रद्द करा, एकाच दिवशी दोनदा बसवू नका.

तंबोरा_मिरज

ही यादी मी आत्यांना वाचून दाखवली. न्यू जर्सी ७, लंडन ११, दुबई ३... त्या मधेच थांबवून म्हणाल्या, "परत वाच." परत वाचली. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि प्रत्येक गावासमोर तिथल्या वेळेचा राग लिहिला.

न्यू जर्सी सकाळी ७, भैरव. लंडन ११, तोडी. दुबई दुपारी ३, भीमपलास. मिरज ४:३०, मुलतानी, तो त्या स्वतः गाणार. सिंगापूर ७, यमन. मेलबर्न रात्री १०, बागेश्री. आणि कॅलिफोर्निया पहाटे ४, ललत.

"इतकी वर्षं मी सकाळी सहाला त्या पोरींना यमन शिकवतेय, कारण त्यांच्याकडे संध्याकाळ असते. माझ्या कानाला ते कसं लागतं मला विचारा. एक दिवस सगळ्यांनी आपापल्या वेळेचं गाऊ दे."

काकांना फोन केला. ललत म्हटल्यावर ते उठायला तयार आहेत.

भूगोल_मास्तर

वा! आठ प्रहरांची बैठक दीड तासात. मिरजेलाच हे सुचावं.

फक्त एक शंका. समयाचा हिशोब सूर्यावर की घड्याळावर? न्यू जर्सीचं घड्याळ त्या दिवशी तासभर पुढे ढकललेलं आहे. तिथे २१ मार्चला सकाळचे ७ म्हणजे जेमतेम सूर्योदय. भैरवाला ते चालेल, उलट उत्तमच. पण घड्याळ हललं नसतं तर याच क्षणी तिथे ६ वाजले असते, हे मुलींना सांगा.

बेदाणा

मास्तर, तुम्ही घड्याळाला सोडत नाही. दुबईला ३ ला भीमपलास बरोबर बसतो ना, मग झालं.

एडिसनची_आई

मुलगी नाच सोडून गाणं शिकायचं म्हणतेय. तंबोरा, जागा आहे का?

तंबोरा_मिरज

ताई, जरूर. शुक्रवार रात्री ८:३०, म्हणजे आमचा शनिवार सकाळ ६.

सगळ्यांना जाणारा संदेश असा लिहिलाय, बघून घ्या : "बैठक शनिवार, २१ मार्च २०२६, मिरजेत १६:३०. त्याच क्षणी एडिसन शनिवार ०७:००, लंडन शनिवार ११:००, दुबई शनिवार १५:००, सिंगापूर शनिवार १९:००, मेलबर्न शनिवार २२:००, कॅलिफोर्निया शनिवार ०४:००. तंबोरा पाच मिनिटं आधी लावून बसावं." आमंत्रण मी माझ्या कॅलेंडरमधून, भारतीय वेळेला बांधून पाठवतोय.

कुपवाडचा_ओतारी

मस्त. एकाही ठिकाणी तीन अक्षरं नाहीत. कॅलिफोर्नियाला तेवढं गाव घाला. तिथे सगळीकडे वेळ एकच असली तरी सवय चांगली.

सातारा_ते_मेलबर्न

काही कारणाने पुढे ढकलायची वेळ आली तर २८ मार्चपर्यंत हाच तक्ता जसाच्या तसा चालेल. ४ एप्रिलवर गेली तर लंडनला ११ चे १२ होतील. मग तोडी नाही, त्या जोडप्याला सारंगाची तयारी करायला सांगा.